नाव नसलेलं दुखणं

आमच्या इमारतीला तीन मजले आणि ५४ पायऱ्या आहेत. मुलुंड पूर्वेला अशा बिनलिफ्टच्या इमारती आता थोड्याच उरल्या, बाकीच्यांचे टॉवर झाले. लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली, पण पायऱ्या मोजायची वेळ कधी आली नव्हती. गेल्या वर्षीच्या आषाढात ती आली. भाजीची पिशवी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर पाय उचलेना. दम लागला नव्हता, दुखतही नव्हतं. पाय फक्त वर येईना. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि खालून येणाऱ्या शेजारच्या वहिनींना दिसू नये म्हणून पिशवीतल्या मेथीच्या जुड्या उगाच खालीवर करत राहिले.

मी शाळेत शिक्षिका आहे. पुढची खूण शाळेतच पटली. फळ्याच्या अगदी वर तारीख आणि सुविचार लिहायचा ही आमची जुनी पद्धत. वर धरलेला हात चार शब्दांनंतर खाली यायला लागला. मग मी सुविचार फळ्याच्या मध्यावर लिहू लागले. चार दिवसांनी सहावीतल्या एका मुलानं विचारलं, ‘‘बाई, आजकाल सुविचार खाली का आला?’’ वर्ग हसला, मीही हसले. घरी येऊन मात्र बराच वेळ आरशासमोर दोन्ही हात वर करून उभी राहिले.

त्यात पोटऱ्या उडायला लागल्या. रात्री दिवा मालवून पडलं की कातडीखाली काहीतरी टपटप हले. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘बाईमाणसाचा डावा डोळा लवला तर शुभ. पोटरी लवली तर काय, ते आमच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.’’ त्यांनी महानारायण तेलाची बाटली काढली, डिंकाचे लाडू वळले आणि मला न सांगता एका शनिवारी माझी दृष्टही काढली. गणपतीत आरतीनंतर पाटावरून उठताना मला दोन्ही हात जमिनीला आणि मग गुडघ्यांना टेकावे लागले, तेव्हा मात्र त्यांनी माझ्या मिस्टरांकडे पाहिलं. ‘‘हिला मोठ्या डॉक्टरकडे ने,’’ एवढंच म्हणाल्या.

या गोष्टीला आता वर्ष उलटलं. आजाराचं नाव अजून कळलेलं नाही. हा लेख बरं झाल्यावर लिहिलेला नाही. वाट पाहण्याच्या काळातच लिहिला आहे, कारण हा काळ कसा काढायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकांवर माझ्यासारखी किती माणसं बसलेली असतात, ते मी पाहिलं आहे.

पहिले काही महिने ‘मलाही होतं’ ऐकण्यात गेले. पायऱ्या चढवत नाहीत? मलाही होतं. हात भरून येतात? वयच आहे आता. आमच्या मराठीत एक मोठी सोय आहे आणि तीच मोठी अडचण आहे. ‘अशक्तपणा’ या एका शब्दात आपण सगळं बसवतो. ताप उतरल्यावरची ग्लानी, उपासाची भोवळ, मनाला आलेला थकवा आणि स्नायूचं बळ जाणं, सगळ्याला अशक्तपणाच. एका डॉक्टरांनी तो शब्द ऐकला, माझं वय विचारलं आणि टॉनिक लिहून दिलं. ‘‘टेन्शन कमी करा, मॅडम.’’ मी घरी आले आणि खरोखरच टेन्शन कमी करायचा प्रयत्न केला. पायऱ्या ५४च राहिल्या.

शेवटी आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनीच नीट प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘‘कसं वाटतं ते नंतर. काय करता येत नाही, ते सांगा.’’ मी सांगितलं: फळ्याच्या वर लिहिता येत नाही. केस विंचरताना हात दोनदा खाली घ्यावा लागतो. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. जमिनीवरून हाताशिवाय उठता येत नाही. पण शर्टाची बटणं लावता येतात, खडू धरता येतो, चपला पायातून निसटत नाहीत. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, ‘‘हे मनाचं नाही. काय आहे ते मला माहीत नाही, पण हे मनाचं नाही.’’ डॉक्टरांच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ ऐकून इतकं हायसं वाटेल अशी कल्पना नव्हती.

ते जे विचारत होते त्यामागे शास्त्र आहे, हे नंतर कळलं. खांदे आणि मांड्या यांच्या मोठ्या स्नायूंचं बळ आधी गेलं, तर मूळ दोष स्नायूतच असण्याची शंका घेतात. पंजा आणि पाऊल आधी दुबळं झालं, चालताना पाऊल आपटायला लागलं, बटणं लागेनाशी झाली, तर मज्जातंतूंकडे लक्ष जातं. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी पडते, चावता चावता जबडा थकतो, असं असेल तर मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्याकडे. हे नियम पक्के नव्हेत, अपवाद पुष्कळ. पण नुसतं ‘अशक्तपणा’ म्हटलं तर यातलं काहीच कळत नाही.

मग परळची वारी सुरू झाली. मुलुंडहून धीमी लोकल, परळला उतरायचं, पुलाच्या पायऱ्या एका हातानं कठडा धरून चढायच्या. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी कुठलंही यंत्र लावलं नाही. खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं, टाचांवर चालायला सांगितलं, छताकडे एकटक बघायला लावून माझ्या पापण्या पाहिल्या. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. आणि मग प्रश्न. घरात कुणाला असं होतं का? आई-वडील नात्यातले होते का? कुठल्या गोळ्या चालू आहेत? गेल्या वर्षभरात ताप, जुलाब, डोळे येणं?

डोळे येण्याचा आणि पायांचा काय संबंध, असं मला वाटलं. घरी येऊन मुलीला विचारलं, तिनं शोधून काढलं आणि आमच्याच मुंबईतली एक गोष्ट हाती लागली. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली होती. पांढऱ्या बुबुळात रक्त उतरल्यासारखे लालभडक डोळे. ही साथ आधी १९६९ साली पश्चिम आफ्रिकेतल्या घानात दिसली. माणूस चंद्रावर उतरला तेच ते वर्ष, म्हणून तिकडे लोकांनी तिला ‘अपोलो’चं नाव दिलं. बंगालमध्ये ते युद्धाचे आणि निर्वासितांचे दिवस होते, तिथे तिचं नाव पडलं ‘जय बांगला’. डोळे आठवड्याभरात बरे होत आणि लोक विसरूनही जात. पण नंतर मुंबईतली काही मोठी, धडधाकट माणसं कंबर आणि पाय दुखून अचानक लुळी पडू लागली. दिसायला पोलिओसारखं, पण पोलिओ तर मुलांचा रोग. के. ई. एम.चे डॉ. एडी भरुचा आणि जे. जे.चे डॉ. नोशीर वाडिया यांनी या रुग्णांच्या हकिगतींतून धागा पकडला: काही आठवड्यांपूर्वी यांचे डोळे आले होते. १९७२-७३मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मुंबईच्या डॉक्टरांनी हे जगापुढे मांडलं. पुढे त्या विषाणूला ‘एंटरोव्हायरस ७०’ हे नाव मिळालं.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पाय लुळे पडलेल्या माणसाला येऊन गेलेल्या डोळ्यांची आठवण कशाला राहील? ती कुणीतरी विचारली, आणि त्यानं सांगितली. उत्तराचा अर्धा भाग रुग्णाकडेच असतो, फक्त तो उत्तराचा भाग आहे हे त्याला ठाऊक नसतं.

त्या दिवसापासून मी वही घातली. शाळेतली जुनी शंभरपानी. तारीख, काय जमलं, काय जमलं नाही, सकाळ की संध्याकाळ, त्या दिवशी कुठली गोळी घेतली. रडगाणं लिहायचं नाही असा नियम केला. ‘आज फार वाईट वाटलं’ याचा डॉक्टरांना उपयोग नाही. ‘चाळीसाव्या पायरीवर थांबले, गेल्या महिन्यात छत्तिसावीवर थांबत होते’ याचा आहे. या वहीतूनच कळलं की कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी माझा त्रास सुरू झाला होता. त्या जातीच्या गोळ्यांनी काही जणांचे स्नायू दुखतात, क्वचित दुबळेही होतात. डॉक्टरांनी ती बंद केली. (आपल्या मनानं कुणी बंद करू नये. हृदयासाठी ती दिलेली असते आणि बहुतेकांना काहीही होत नाही.) तीन महिने वाट पाहिली. रक्तातला सीपीके नावाचा आकडा ४१०वरून २६०वर आला. पायऱ्यांत मात्र फारसा फरक पडला नाही.

सीपीके म्हणजे स्नायूंच्या आतलं एक द्रव्य. स्नायू झिजले, चेंगरले, की ते रक्तात उतरतं. पण भरपूर व्यायाम केला, दंडात इंजेक्शन घेतलं, थायरॉइड मंदावलं, तरी ते वाढतं. म्हणून एका आकड्यावरून कुणी निदान करत नाही. ईएमजी ही सुईची तपासणी असेल, तर रक्त आधी द्यावं, कारण सुईनंही तो आकडा थोडा चढू शकतो.

ईएमजीची मला भीती होती. बारीक सुई स्नायूत घालतात आणि यंत्रातून त्या स्नायूचा आवाज येतो. विसावलेला निरोगी स्नायू गप्प असतो. आवळला की पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज येतो. माझ्या मांडीचा पाऊस ऐकून डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. अहवालात आलं: किंचित बदल, निश्चित निष्कर्ष नाही, सहा महिन्यांनी पुन्हा करावी. थायरॉइड ठीक. ड जीवनसत्त्व कमी होतं, ते भरून काढलं. त्याच्या कमतरतेनंही मांड्यांचं बळ जातं. प्रतिपिंडांची तपासणी नकारार्थी. मणक्याचा एमआरआय वयाला साजेसा.

एमआरआय चांगला आला त्या संध्याकाळी मिस्टर स्टेशनजवळून पाव किलो पेढे घेऊन आले. ‘‘अगं, सगळं नॉर्मल आहे!’’ त्यांचा चेहरा इतका उजळला होता. आणि मला रडू आलं. मला काही वाईट निघायला हवं होतं का? नाही. पण नॉर्मल म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर, पुन्हा ‘मग नक्की होतंय काय तुला?’ पेढ्यांचा पुडा दोन दिवस तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, ‘‘मी चुकलो. मला वाटलं, रिपोर्ट चांगला म्हणजे तू बरी.’’ मी म्हटलं, ‘‘अहो, चुकलं कुणाचंच नाही. रिपोर्ट मणक्याचा होता. पाय माझे आहेत.’’ त्या दिवसानंतर आमच्या घरात एक पद्धत पडली. अहवाल आला की काय नाही ते कळलं एवढंच म्हणायचं. आनंदही नाही, शोकही नाही. पेढे शेवटी मुलीनं संपवले.

तिचीही एक गोष्ट सांगायला हवी. ती एकोणीस वर्षांची. एकदा रात्री दोनला पाण्यासाठी उठले तर मोबाइलच्या उजेडात तिचा चेहरा ओला दिसला. स्नायू उडणे, हात दुबळे होणे, असं तिनं शोधलं होतं आणि सगळ्या वाटा एकाच भयंकर आजाराकडे गेल्या होत्या. स्टीफन हॉकिंगना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी ज्याचं निदान झालं तो. पुढच्या भेटीला मी तिला बरोबर नेलं आणि तिनं स्वतः डॉक्टरांना विचारलं. त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, नुसते स्नायू उडणं अतिशय सामान्य आहे. चहा-कॉफी, जागरण, काळजी यांनीही होतं. तुमच्या आईच्या तपासणीत मला त्या आजाराच्या खुणा दिसल्या नाहीत. बळ खरोखर कमी आहे, कारण अजून सांगता येत नाही. ‘‘सांगता येत नाही म्हणजे काही नाही, असं नव्हे. आणि भयंकरच आहे, असंही नव्हे.’’ मुलगी परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घाटकोपरपर्यंत झोपली.

नावाशिवाय चालत नाही ते घराबाहेर. शाळेत रजेच्या अर्जावर ‘आजाराचे स्वरूप’ असा रकाना असतो. त्यात काय लिहू? विम्याच्या कागदावर निदान हवं. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढायला दाखला हवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आधीच्या १९९५च्या कायद्यातले सात प्रकार वाढवून २१ केले, त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीही आली, हे फार चांगलं झालं. २०२१च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात परळचं के. ई. एम. हे एक केंद्र नेमलं गेलं. पण अशा मदतीसाठी आजार यादीतल्या नावात बसावा लागतो. ज्याला नावच नाही तो रुग्ण कुठल्याच यादीत नसतो. मला गर्दीच्या डब्यात उभं राहायला बळ नाही हे खरं, पण ते दाखवायला माझ्याकडे कागद नाही. एकदा एका बाईंनी मला जागा दिली नाही. मी धडधाकट दिसत होते, त्यांचं काय चुकलं?

आमच्या मुख्याध्यापिकांनी मात्र नावाची वाट पाहिली नाही. माझे तास तळमजल्यावर घेतले आणि वर्गात एक उंच खुर्ची ठेवली. ‘‘दाखला येईल तेव्हा येईल, बाई. मुलांचं गणित थांबायला नको.’’ आता सुविचार लिहायचं काम मुलांकडे आहे. ते आळीपाळीनं स्टुलावर चढून लिहितात. शुद्धलेखन बेताचं आहे, पण जागा पुन्हा सगळ्यात वर आहे.

दिसण्यावरून न ठरणारी दुखणी जुनीच आहेत. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात बळ येतं-जातं. सकाळी हसता येतं, संध्याकाळी ओठ हलत नाहीत. अशा माणसाला ढोंगी म्हणणं किती सोपं. १९३४ साली लंडनच्या ग्रीनिचमधल्या सेंट आल्फेज रुग्णालयात डॉ. मेरी वॉकर यांच्या लक्षात आलं की या रुग्णांची अवस्था क्युरारे या विषाची बाधा झाल्यासारखी दिसते. त्यांनी त्या विषावरचा उतारा टोचून पाहिला आणि पडलेली पापणी थोड्याच वेळात उघडली. आपल्याकडे हे नाव घरोघर पोचलं ते १९८४ साली अमिताभ बच्चन यांना हा आजार झाल्याचं कळलं तेव्हा. ‘कुली’चा अपघात १९८२चा, आणि त्यातून उठलेल्या माणसाला पुन्हा हे. पण निदान झालं, औषधं मिळाली आणि ते कामावर परतले. नावाचा खरा उपयोग हा आहे. नाव मिळालं की औषधाचा रस्ता सापडू शकतो. म्हणून कंटाळून तपासण्या अर्ध्यावर सोडू नयेत.

मात्र काही वेळा वाट पाहायचीच नसते. बळ तासातासाला किंवा दिवसादिवसाला कमी होत वर चढत असेल, श्वास अपुरा पडत असेल, घास किंवा पाणी गिळताना ठसका लागत असेल, लघवी चहासारखी गडद झाली असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, तर पुढच्या तारखेसाठी थांबू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावं. जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे कितीतरी रुग्ण एकदम आढळले. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांत पायांतलं बळ जाऊ लागतं, अशी ती चाल. तिथे वेळेवर पोचण्याला फार किंमत असते. माझं दुखणं सावकाश चालीचं आहे, म्हणून मला वही लिहायला सवड आहे.

घरच्यांनी काय करावं, असं मला विचारतात. एक तर रोज ‘आज कसं आहे?’ विचारू नये, आठवड्यातून एकदा विचारावं आणि उत्तर पूर्ण ऐकावं. कुणाचा मावसभाऊ कशानं बरा झाला ते सांगू नये. सगळी कामं काढून घेऊ नयेत. सासूबाईंनी माझ्या हातून पोळपाट घेतला नाही, फक्त शेजारी एक स्टूल ठेवलं. नारळ त्या खवतात, फोडणी मी घालते. मिस्टर संध्याकाळी स्टेशनवरून येताना मला खालून हाक मारतात, मग आम्ही एकत्र चढतो. दुसऱ्या मजल्यावर ते थांबतात आणि बुटाची नाडी बांधतात. त्यांच्या बुटाला नाडी नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

आता जनुकांच्या तपासणीसाठी रक्त दिलं आहे. तिथूनही काही कळलं नाही तर स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासायचा, असं ठरलं आहे. कळेल की नाही, याची खात्री डॉक्टरांनी दिलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही. परवा वही चाळत होते. पहिली नोंद अशी होती: ‘मला काय झालंय?’ त्याच्या पुढची नोंद एका महिन्यानंतरची. आताच्या नोंदी अशा आहेत: ‘सकाळी ५४ पायऱ्या, दोनदा थांबून. दहावीच्या वह्या तपासून झाल्या. रात्री उजवी पोटरी उडत होती, झोप लागली.’

पुढची तारीख बुधवारची आहे. वही भरत आली, शेवटची चार पानं उरली आहेत. मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणायला सांगितलं आहे. या वेळी दोनशेपानी.